सोडून गेलेली परत आली तेव्हा: खो-खोच्या एका संघाचं प्रकरण

हे प्रकरण जालना जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेचं आहे. संघ १७ वर्षांखालील मुलींचा, खेळ खो-खो. गाव, शाळा आणि माणसांची नावं इथे देत नाही. मुली अजून शिकत आहेत आणि गाव लहान आहे. सगळं प्रकरण दोन मुलींभोवती फिरतं, म्हणून त्यांना त्यांच्या मैदानावरच्या कामावरून ओळखू. एक 'सूरवाली'. खांबाजवळ सूर मारून गडी टिपण्यात तिचा हात धरणारी तालुक्यात कोणी नव्हती. दुसरी 'पळतीवाली'. आक्रमणात ती साधारण होती, पण संरक्षणाला उतरली की लवकर हाती लागायची नाही. पळतीवाली आमच्या मंडळीतली, म्हणजे आमच्या चर्चमधली, तिची आई परिचारिका. सूरवालीचे आईवडील ऊसतोड कामगार, आणि त्या घराचा चर्चशी काही संबंध नाही.

मी मंडळीत शब्बाथशाळा, म्हणजे मुलांचा बायबलचा वर्ग, घेते. मुलींचा संघ बाहेरगावी जाताना सोबत एक बाईमाणूस हवं म्हणून शाळेने मला विचारलं, तेव्हापासून या संघाबरोबर आहे. आमच्या चर्चच्या तरुण संघाच्या बैठकीत एक प्रश्न नेहमी निघतो: खेळाडू ख्रिस्ती असेल तर तिचा विश्वास मैदानावर दिसावा कसा? उत्तरं ठरलेली असतात. सामन्याआधी प्रार्थना करावी, जिंकल्यावर देवाला गौरव द्यावा, बनियनवर बायबलचं वचन छापून घ्यावं. यातल्या कशालाच माझी हरकत नाही. पण माझ्या मते विश्वासाची खरी कसोटी लागते ती संघाने जिच्याकडे पाठ फिरवली आहे तिच्याशी आपण कसं वागतो यावर. या प्रकरणात ते जितकं उघड दिसलं तितकं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही, म्हणून ते तपशिलाने मांडते आहे.

खेळ आणि टोळी

मराठवाड्याला खो-खो नवा नाही. धाराशिवच्या सारिका काळे यांना २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, त्यात भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं. त्या संघाची कर्णधार प्रियंका इंगळे मूळची बीड जिल्ह्यातली. या खेळाला लागतं काय? दोन खांब, चुन्याची फक्की आणि मोकळी जागा. जिथे पोरींच्या पायात बूट नाहीत तिथेही संघ उभा राहतो. शालेय स्पर्धा तालुक्यापासून सुरू होते, मग जिल्हा, विभाग, राज्य. ठरावीक पातळीपर्यंत खेळलेल्या मुलांना दहावी-बारावीला सवलतीचे क्रीडागुण मिळतात. त्यामुळे बारा जणींच्या यादीतल्या प्रत्येक जागेला घराघरांत किंमत आहे, आणि त्या जागेवरून घराघरांत वादही होतात.

दुसरी बाजू उसाची. जालना आणि बीडच्या कोरडवाहू गावांतून दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली असते. नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात आणि उचल कोयत्यावर मिळते. पश्चिम महाराष्ट्र किंवा कर्नाटकातल्या कारखान्यांच्या परिसरात कोपी, म्हणजे पाचटाची झोपडी, टाकायची, आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, मार्च-एप्रिलपर्यंत, तिथेच राहायचं. मागे राहणाऱ्या मुलांसाठी सरकारची हंगामी वसतिगृहाची योजना आहे, पण वयात आलेली मुलगी मागे ठेवायला आईबापाचा जीव होत नाही. त्यांची भीती मी कधीच चुकीची मानली नाही. शालेय स्पर्धांचे दिवस आणि टोळ्या निघायचे दिवस नेमके एकमेकांवर येतात, हे मात्र ध्यानात ठेवावं. पुढे जे झालं त्याचं निम्मं कारण तेच आहे.

काय घडलं

तालुक्याला हा संघ पहिला आला. जिल्हास्तरीय सामने चार दिवसांवर असताना सूरवाली सरावाला आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. कर्णधार तिच्या घरी गेली तर दाराला कुलूप. शेजारच्या आजीने सांगितलं, "रातच्याला ट्रक आला, अन् गेली की समदी." मुलीने कोणाला निरोप दिला नव्हता. द्यायची संधी मिळाली की नाही, हे तेव्हा कोणी विचारलंच नाही.

जिल्ह्याला संघ पहिल्याच फेरीत हरला. खांबाजवळचा गडी टिपायला कोणी नव्हतं आणि प्रतिस्पर्ध्यांची एक मुलगी खांबाच्या आधाराने वेळ काढत राहिली. परतीच्या जीपमध्ये मुली रडल्या, आणि मग राग एका जागी गोळा झाला. "ऐन टायमाला दगा दिला तिनं," हे कर्णधाराचं वाक्य आठवडाभरात सगळ्या शाळेचं झालं. क्रीडाशिक्षकांनी, म्हणजे मुलींच्या सरांनी, तेव्हाच जाहीर केलं की ऐन स्पर्धेत जो संघ सोडेल त्याला परत जागा नाही.

सरांची बाजू नीट सांगायला हवी. हा माणूस शाळा सुटल्यावर दोन तास मैदानावर असतो. फक्की कित्येकदा स्वतःच्या पैशाने आणतो. यादी एकदा वर गेली की ऐन वेळी नाव बदलून मिळत नाही. अकरा मुलींच्या वर्षभराच्या घामाचा हिशेब त्याला त्यांच्या पालकांना द्यावा लागतो. त्याने नियम केला तो त्या अकरा जणींसाठी. सूरवालीवर त्याचा वैयक्तिक राग नव्हता.

सूरवालीच्या जागी पहिल्या नऊ जणींत आली पळतीवाली. आधी ती कधी आत तर कधी राखीव असायची. आता जागा पक्की झाली. पुढचं सगळं वाचताना ही गोष्ट विसरू नये: सूरवाली परत न येण्यात जिचा फायदा होता, ती हीच मुलगी.

मधले सहा महिने

सूरवालीच्या वडिलांचा मोबाईल नंबर शाळेच्या वहीत होता. पळतीवालीने तो आईकडून मागून घेतला (आईने शाळेतून आणला) आणि रविवारी उपासनेनंतर आईच्या फोनवरून लावला. पहिल्यांदा कोणी उचलला नाही, दुसऱ्यांदा वडिलांनी दोन शब्द बोलून ठेवून दिला. तिसऱ्या वेळी मुलीच्या हातात दिला.

त्या फोनवर काय बोलणं झालं ते मला पळतीवालीच्या आईकडून कळलं, आणि या प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा भाग मला तोच वाटतो. तिने "का गेलीस" असं विचारलं नाही. "बिचारी" म्हटलं नाही. "देव तुझ्याबरोबर आहे" असंही म्हटलं नाही, जे आमच्या मंडळीतल्या बहुतेकांनी सगळ्यात आधी म्हटलं असतं. तिने सांगितलं की परवा सरांनी खांबाजवळचा सराव घेतला आणि कोणालाच वेळेवर खाली जाता आलं नाही. मग विचारलं, "तू सूर मारायच्या आधी कोणता पाय पुढं टाकतीस?" सूरवाली फडात मोळ्या बांधत होती, धाकट्या भावाला सांभाळत होती, कोपीवर भाकरी थापत होती. कितीतरी दिवसांत तिला येणाऱ्या गोष्टीबद्दल तिला कोणी काही विचारलं नव्हतं. ती बराच वेळ बोलली. पुढे हे फोन दर रविवारचे झाले, कधी पाच मिनिटं, कधी नेटवर्क नसेल तर तेवढंही नाही.

धीर देणं म्हणजे मोठे शब्द, असा आपला समज असतो. त्या मुलीला धीर मिळाला तो एका प्रश्नातून. तू अजून खेळाडू आहेस, हे त्या प्रश्नात धरूनच चाललेलं होतं.

परत आल्यावर

एप्रिलमध्ये टोळी परतली. सूरवाली शाळेत आली, वर्गात बसली, पण मैदानाकडे फिरकली नाही. मधल्या सुट्टीत मुली तिच्याजवळून उठून जायच्या. कर्णधाराने एकदा तिच्या तोंडावर सांगितलं, "आम्ही रडलो तवा तू कुठं होतीस?" तिने उत्तर दिलं नाही.

पळतीवाली तिला सकाळी सहा वाजता गावाबाहेरच्या रिकाम्या रानात बोलावू लागली. मे महिन्याचं जालन्याचं ऊन सांगायला नको, आठनंतर जमीन तापते. दोघीच असायच्या, खांबाच्या जागी बाभळीचं खोड. सहा महिने मोळ्या उचलून सूरवालीच्या खांद्यात ताकद आली होती, पण पाय जड झाले होते आणि दम लवकर लागत होता. सूर मारला की कोपरं सोलून निघायची. पळतीवाली पळायची, ही पाठलाग करायची. एक गोष्ट मी स्वतः पाहिली. पळतीवाली मुद्दाम बाद होत नव्हती. "मी सोडलं तर तुला कळंल ना," असं ती एकदा म्हणाली. खोटं यश देऊन कोणाला उभं करता येत नाही, हे त्या वयात तिला कोणी शिकवलं होतं ते मला माहीत नाही.

याच सुमारास सूरवालीची आई माझ्याकडे आली. पदराला हात पुसत दारातच उभी राहिली आणि सरळ विचारलं, "बाई, पोरीला रोज बलवायल्यात. देवाधर्माचं काही हाय का ह्यात?" प्रश्न रास्त होता. गरिबाच्या घराशी कोणी सलगी केली की त्यामागे काय आहे, हे विचारायचा त्या घराला पूर्ण हक्क आहे. मी सांगितलं, नाही. खेळाशिवाय दुसरं काही नाही, आणि उद्या पोरीने खेळणं सोडलं तरी माझ्या मंडळीतली ती मुलगी तिची मैत्रीण राहील. आईने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि म्हणाली, "मग ऱ्हाऊ द्या."

इथे माझं मत स्पष्ट आहे. कोणाला धीर द्यायचा आणि त्याच्या बदल्यात ती व्यक्ती आपल्या उपासनेला यावी अशी मनात अपेक्षा ठेवायची, तर तो धीर उरत नाही, तो व्यवहार होतो. ख्रिस्ताने दहा कुष्ठरोग्यांना बरं केलं आणि आभार मानायला एकच परत आला. उरलेल्या नऊ जणांचं बरेपण त्याने काढून घेतलं नाही. पळतीवाली सूरवालीसाठी रोज नाव घेऊन प्रार्थना करायची, हे तिच्या आईला माहीत होतं. सूरवालीला ते कितीतरी नंतर कळलं, तेही तिने स्वतः विचारल्यावर. सरावाआधी ही क्षणभर डोळे का मिटते, असा तिचा प्रश्न होता. "भ्या वाटतं म्हणून. देवाला सांगती," एवढंच उत्तर मिळालं, आणि दोघी पळायला लागल्या.

सरांपुढे

जूनमध्ये शाळा उघडली आणि नव्या संघाची निवड जवळ आली. पळतीवाली सरांकडे गेली. मी तिथे होते. तिने सांगितलं की सूरवालीला चाचणीला बसू द्या. सर म्हणाले, नियम सगळ्यांना सारखा. तेव्हा ती म्हणाली की जागा कमी पडत असेल तर माझी द्या.

सर चिडले. त्यांचं उत्तर मला जसं आठवतं तसं लिहिते: "जागा दान करायची नसते. ती काय तुझ्या घरची हाय का? जागा कमवायची असती." आणि मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं की सरांचं बरोबर होतं. आमच्या मंडळीतल्या काहींना तिचं ते बोलणं फार उदात्त वाटलं आणि एकाने उपदेशात त्याचा दाखलाही दिला. मला ते पटलं नाही. जागा बहाल केली असती तर सूरवाली जन्मभर उपकारात राहिली असती, आणि संघाने तिला कधीच मनाने घेतलं नसतं. पळतीवालीची पहिली मागणी जास्त मोलाची होती: चाचणीला बसू द्या. कोणाच्या बाजूने उभं राहताना दया मागण्यापेक्षा तिला न्यायाने तपासा, असं म्हणायला जास्त विश्वास लागतो. तिची तयारी आपण स्वतः पाहिलेली असावी लागते.

सरांनी दोन दिवस घेतले. मग त्यांनी सूरवालीला बोलावून पहिल्यांदाच विचारलं की त्या रात्री काय झालं होतं. ट्रक येणार हे तिला संध्याकाळी कळलं होतं. वडील म्हणाले होते, उचल घेतली आहे, बोलायचं काम नाही. ती शाळेच्या फाटकापर्यंत आली होती, पण अंधार पडला होता आणि आत कोणी नव्हतं.

नियम मागे घेतला गेला नाही. सरांनी त्यात एक गोष्ट घातली: सोडून जाण्याचं कारण आधी विचारायचं, आणि ते खेळाडूच्या हातातलं नसेल तर चाचणी खुली. कर्णधाराला हे आवडलं नाही. ते तिने लपवलं नाही, आणि तिने लपवावं असं मलाही वाटत नाही.

बर्णबा आणि पौल

बायबलच्या नव्या करारात प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात असाच पेच आहे. ख्रिस्ताचा संदेश सांगत फिरणाऱ्या पौल आणि बर्णबा यांच्या पहिल्या प्रवासात योहान मार्क नावाचा तरुण बरोबर होता. पंफुल्यात पोचल्यावर तो त्यांना सोडून यरुशलेमेला परतला. का, ते पुस्तक सांगत नाही. दुसऱ्या प्रवासाला निघताना बर्णबाचं म्हणणं पडलं, मार्कला बरोबर घेऊ. पौल म्हणाला, जो अर्ध्यावर सोडून गेला त्याला नाही. वाद इतका वाढला की दोघे वेगळे झाले. बर्णबा मार्कला घेऊन कुप्रला गेला आणि पौल सीलाला घेऊन दुसऱ्या वाटेने.

हा अध्याय शिकवताना पौलाला कठोर आणि बर्णबाला प्रेमळ ठरवून मोकळं होण्याची सवय आहे. मजकुरात तसं नाही. पौलापुढचा प्रवास मार, तुरुंग आणि दगडांचा होता. भरवशाचा माणूस हवा, हे त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. बर्णबानेही कामाला कमी लेखलं नाही, तो मार्कला घेऊन कामावरच गेला. आणि एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. पौल आधी ख्रिस्ताच्या शिष्यांचा छळ करायचा, म्हणून यरुशलेमेतले शिष्य त्याला भीत होते, त्याच्यावर कोणाचा विश्वास नव्हता, तेव्हा त्याचा हात धरून त्याला प्रेषितांकडे नेणारा हाच बर्णबा होता. पुढे तार्सला जाऊन पौलाला शोधून अंत्युखियाला आणणाराही तोच. म्हणजे पौल स्वतः एका दुसऱ्या संधीवर उभा होता. उतारवयात त्याने तीमथ्य या आपल्या तरुण सहकाऱ्याला लिहिलं की मार्कला घेऊन ये, तो मला उपयोगी आहे.

बर्णबाला या सगळ्याची किंमत मोजावी लागली. पौलासारखा सोबती गेला, आणि कृत्यांच्या पुस्तकात त्या वादानंतर बर्णबाचं नाव पुन्हा येत नाही. मार्क त्याच्या नात्यातला होता हेही कलस्सैकरांच्या पत्रात आहे, म्हणून कोणी म्हणेल की त्याने आपल्या माणसाची बाजू घेतली. आमच्या प्रकरणात तेवढीही सोय नव्हती. दोघी मुलींचं नातं नाही, जात नाही, धर्म नाही, काही एक नव्हतं.

निवड आणि सामने

चाचणीत सूरवाली पहिल्या नऊ जणींत आली. पळतीवाली राखीव तिघींत गेली. त्या रात्री ती जेवली नाही, हे तिच्या आईने मला सांगितलं, आणि थोडं रागानेच सांगितलं: "माझ्या लेकराची जागा गेली, अन् तुमी म्हणायल्यात साक्ष झाली." विश्वास वागण्यातून दिसला की आमच्याकडे त्याला साक्ष म्हणतात. आईचा राग मी समजू शकते. मुलीलाही वाईट वाटलंच. ते झाकून तिला संतीण करण्यात काही अर्थ नाही. दुसऱ्या दिवशी ती सरावाला वेळेवर आली.

आता जरा मैदानाच्या कडेविषयी, कारण तिथे बरंच काही घडलं. खो-खोत आठ जणी पाटीवर बसतात, तोंडं आळीपाळीने विरुद्ध दिशांना. नववी धावते. बसलेलीला आपल्या पाठीमागचं काही दिसत नाही. खो मिळण्याआधी उठली तर फाउल. अशा वेळी बाहेरून पाच पालक आणि तीन शिक्षक एकदम ओरडू लागले की मुलगी गोंधळते आणि उठते. आमच्याकडे हे प्रत्येक सामन्यात व्हायचं. "पळ की", "काय करायलीस", "झोपलीस का". हा आरडाओरडा करणारे सगळे आपण मुलींना प्रोत्साहन देत आहोत असंच समजत असतात.

पळतीवाली राखीव जागेवरून बोलायची ते वेगळं होतं. खेळ चालू असताना ती जवळजवळ गप्प असायची. गडी बाद झाला की टिपणारीचं नाव घ्यायची, आणि जिने आधीचा खो वेळेवर दिला होता तिचंही. टिपणारीला टाळ्या मिळतात. तिच्या आधी दोन खो बरोबर देणारीकडे कोणाचं लक्ष नसतं, ते हिचं असायचं. डाव संपला की पाणी घेऊन ती आधी जिच्याकडून चूक झाली तिच्याकडे जायची, आणि चुकीबद्दल बोलायची नाही. पुढच्या डावात काय करायचं ते बोलायची.

एकदा प्रतिस्पर्धी संघाची एक बारकी मुलगी शेवटपर्यंत नाबाद राहिली. सामना संपल्यावर पळतीवालीने जाऊन तिच्याशी हात मिळवला आणि विचारलं की एवढा दम कुठून आणतेस. आमच्याच एका पालकाला ते खटकलं. मला एरिक लिडेल या स्कॉटिश ख्रिस्ती धावपटूची आठवण झाली. १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये शंभर मीटरची प्राथमिक फेरी रविवारी होती म्हणून तो त्या शर्यतीत धावला नाही आणि पुढे चारशे मीटरचं सुवर्ण जिंकला, एवढंच आपण मुलांना सांगतो. शर्यतीआधी तो प्रतिस्पर्ध्यांशी हात मिळवायचा, हे सांगत नाही. पुढे मिशनरी म्हणून चीनमध्ये असताना जपान्यांनी त्याला वेइशिएनच्या छावणीत ठेवलं. तिथली मुलं रविवारच्या हॉकीत भांडू लागली, तेव्हा रविवार पाळण्यासाठी ऑलिम्पिकची शर्यत सोडणारा हा माणूस रविवारीच त्यांचा पंच म्हणून उभा राहिला. १९४५ साली त्याच छावणीत तो वारला. मुलांना सांगायची गोष्ट मला शंभर मीटरपेक्षा त्या हॉकीच्या सामन्याची वाटते.

तालुका आमच्या संघाने जिंकला. जिल्ह्याला उपांत्य फेरीत हरलो. शेवटच्या डावात सूरवालीचा एक सूर थोडा लवकर पडला आणि समोरची निसटली. ती जमिनीवरून उठेना. तेव्हा मैदानातून तिच्याकडे सगळ्यांत आधी पोचली ती कर्णधार. तिने हात दिला आणि काहीतरी बोलली. काय बोलली, ते दोघींनीही कोणाला सांगितलं नाही.

मंडळीत झालेली चर्चा

हे सगळं कळल्यावर आमच्या तरुण संघाने ठरवलं की सूरवालीला रविवारी चर्चमध्ये बोलावून शाल द्यायची, फोटो काढायचा. हेतू चांगला होता. पळतीवालीने विरोध केला. तिचं म्हणणं, शाल दिली की सगळ्यांसमोर पुन्हा तीच गोष्ट निघेल, सोडून गेली होती आणि परत घेतली. पाळकसाहेबांनी तिचं ऐकलं आणि कार्यक्रम रद्द केला. मला हा निर्णय फार योग्य वाटतो. पडलेल्याला उभं केल्याचा जाहीर सोहळा केला की उभं करणाऱ्याचं नाव होतं आणि पडल्याची आठवण त्या दुसऱ्याच्या गळ्यात कायमची बांधली जाते.

एका ज्येष्ठ सभासदाने विचारलं, यात ख्रिस्ताचं नाव कुठे आलं? चांगली माणसं सगळ्या धर्मांत असं वागतात. दुसरा भाग खरा आहे. सरांनी नियम बदलला तो त्यांच्या न्यायबुद्धीने, आणि ते विठ्ठलाचे वारकरी आहेत. ख्रिस्ती माणसाला या चांगुलपणाची मक्तेदारी सांगता येणार नाही. पण पळतीवालीला तिच्या वागण्याचं कारण विचारलं तर ती तिच्या प्रभूचंच नाव घेते. पेत्र या शिष्याने येशूला तीनदा नाकारलं आणि तरी येशूने त्याच्याच हाती आपली मेंढरं, म्हणजे आपले अनुयायी, सोपवले, हे तिने शब्बाथशाळेत ऐकलं आहे आणि तिने ते खरं धरलं. तिच्या परीने तिला एवढंच कळलं की जो सोडून गेला त्याच्याकडे आपण जायचं असतं. कोणी विचारलं तर नाव सांगायचं, न विचारता लादायचं नाही.

जालन्याजवळच्या बेथेलमध्ये एकोणिसाव्या शतकात रेव्ह. नारायण शेषाद्रींनी वस्ती उभी केली. या जिल्ह्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांचं मूळ तिथल्यासारख्या जागांत आहे, आणि समाजाने बाहेर ठेवलेल्यांना तिथे जागा मिळाली. त्या मंडळ्यांच्या पोरांना आज मैदानावर तेच करण्याची संधी रोज मिळते, त्यासाठी वेगळा कार्यक्रम आखावा लागत नाही.

सध्या काय चालू आहे

मूळ अडचण सुटलेली नाही. सूरवालीच्या वडिलांनी यंदाही उचल घेतली आहे, कारण मागची फिटलेली नाही. शाळा व्यवस्थापन समितीने हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव या वेळी लवकर पाठवला आहे. तो दसऱ्याआधी मंजूर झाला तर आईवडील मुलीला मागे ठेवायला कबूल होण्याची शक्यता आहे, कारण आईने वसतिगृहाच्या बाईंना भेटायचं मान्य केलं आहे. प्रस्ताव लांबला तर पळतीवालीच्या आईने, त्याच रागावलेल्या आईने, मुलीला आपल्या घरी ठेवून घेण्याची तयारी दाखवली आहे. मात्र हे अजून सूरवालीच्या आईला सांगितलेलं नाही. वसतिगृहाचं कळल्यावर सर आणि मी दोघे मिळून त्यांच्याकडे जाणार आहोत, आणि त्या नाही म्हणाल्या तर जिल्ह्याच्या सामन्याआधी सरांना यादीत दुसरं नाव घालता यावं म्हणून ते विचारणं या महिन्यातच उरकायचं ठरलं आहे. पळतीवाली आता दहावीला आहे आणि पुन्हा चाचणी देणार आहे. या वेळी सूरवाली तिला खांबाजवळचं आक्रमण शिकवते आहे.